आलेखाची हालचाल



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही म्हटले, गणितावर बोलतो. चालक क्षणभर गप्प राहिले. मग सौजन्याने 'बोला' म्हणाले आणि 'फलनांच्या आलेखांची रूपांतरे' असा विषय पत्रिकेत छापून मोकळे झाले. ती पत्रिका पाहून आमच्या एका जुन्या सोबत्याने नागापूरला रस्त्यात अडवून विचारले, "काय भाऊ, युनियन सोडली काय?"

युनियन सोडलेली नाही. उलट युनियनच्या कामातच हा विषय आमच्या गळ्यात पडला. कसा पडला, आणि त्याने आमची एक जुनी समजूत कशी मोडली, एवढेच आज सांगायचे आहे. आमची शाळा नववीत सुटली. त्यापुढचे जे काही गणित आम्हांला येते ते सोबत्यांच्या मुलांची जुनी पुस्तके मागून आणून, रात्री कचेरीत बसून शिकलेले आहे. तेव्हा सभेत जे शिक्षक बसले असतील त्यांनी चूक दिसताच तिथल्या तिथे थांबवावे, आम्हांला राग येणार नाही. मात्र हा विषय मराठीत आणि बाजारच्या भाषेत सांगता येत नाही, असे कोणी म्हणू नये. ज्या जिल्ह्यात नेवाशाला शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ लोकांच्या भाषेत सांगितला गेला, त्या जिल्ह्यात अकरावीच्या पुस्तकातले एक प्रकरण सांगायला काय हरकत आहे?

प्रथम 'फलन' म्हणजे काय ते पाहू. शब्द जड आहे, वस्तू साधी आहे. एक आकडा आत घालावा आणि ठरलेल्या नियमाने एकच आकडा बाहेर यावा, याला फलन म्हणतात. नोकरीची वर्षे आत घाला, पगार बाहेर येतो. वळलेल्या विड्यांची संख्या आत घाला, मजुरी बाहेर येते. आत जाणाऱ्या आकड्याला क्ष म्हणू, बाहेर येणाऱ्याला फ(क्ष) म्हणू. आडव्या रेघेवर क्ष मोजायचा, उभ्या रेघेवर फ(क्ष) मोजायचा, आणि जिथे दोन्ही मिळतात तिथे ठिपका द्यायचा. असे ठिपके जोडले की जी रेघ होते तो आलेख. देकार्त नावाच्या फ्रेंच पंडिताने १६३७ साली आपला भूमितीवरचा ग्रंथ छापला, तेव्हापासून समीकरणाचे चित्र आणि चित्राचे समीकरण करण्याची ही वाट जगाला मोकळी झाली.

आता अशी कल्पना करा की हा आलेख फळ्यावर खडूने काढलेला नाही, तर तारेचा वाकवलेला तुकडा आहे. तो तुकडा उचलून वर सरकवता येतो, बाजूला सरकवता येतो, उलटा करता येतो. आणि तो तारेऐवजी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीचा असेल तर ताणताही येतो. शाळेच्या पुस्तकात 'रूपांतरे' म्हणून जे प्रकरण आहे त्यात एवढेच आहे: सरकवणे, ताणणे आणि उलटवणे. मुले ते सूत्रे म्हणून पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. आम्ही मात्र ते विसरू शकत नाही, कारण वेतनकरार म्हणजे दुसरे काहीच नाही. जुन्या पगाराचा आलेख घ्यायचा आणि तो हलवून नव्या जागी ठेवायचा, याचेच नाव करार.

सोप्यापासून सुरुवात करू. कारखान्यात दोन माणसे आहेत. मदतनिसाला महिना १०,००० रुपये आणि कुशल कारागिराला २०,००० रुपये. मालक म्हणतो, या दोघांवर मिळून ६,००० रुपये जास्त खर्च करायची तयारी आहे. ते कसे वाटायचे? एक रीत अशी की प्रत्येकाला सरसकट ३,००० द्यावे. पगार १३,००० आणि २३,००० होतात. दुसरी रीत अशी की प्रत्येकाला २० टक्के द्यावे. पगार १२,००० आणि २४,००० होतात. मालकाच्या खिशातून तेवढेच गेले. पण पहिल्या रीतीत तार जशीच्या तशी वर सरकली. दोघांतले अंतर १०,००० होते ते १०,०००च राहिले. दुसऱ्या रीतीत पट्टी ताणली गेली. अंतर १२,००० झाले. पहिलीचे सूत्र फ(क्ष) + ३,०००. दुसरीचे १.२ × फ(क्ष). अधिक आणि गुणिले, एवढाच फरक. परंतु या दोन चिन्हांपायी आम्ही युनियनच्या बैठका रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चाललेल्या पाहिल्या आहेत, आणि जुने मित्र एकमेकांशी बोलेनासे झालेले पाहिले आहेत. ताणण्याचा एक गुण ध्यानात ठेवा: पट्टीचे जे टोक शून्यावर असते ते कितीही ताणले तरी शून्यावरच राहते, आणि जो शून्याच्या जवळ असतो तो फारसा हलत नाही. टक्केवारीवर भांडणाऱ्यांनी खालच्या टोकाला कोण उभे आहे ते आधी पाहावे.

आता आमची चूक सांगतो. २०११ साली एका कारखान्यात आम्ही करार केला. कारखान्याचे नाव सांगत नाही. त्यात त्यांच्यापेक्षा आमचाच दोष जास्त होता. ठरले असे: मूळ पगारात २० टक्के वाढ आणि १,००० रुपये सरसकट वाढ. सह्या झाल्या, हार झाले, पेढे वाटले. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी पॅकिंग खात्यातल्या एक मावशी चिठ्ठी घेऊन कचेरीत आल्या. त्यांचा जुना पगार १०,००० होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्या हिशेबाने १३,२०० पाहिजेत, १३,००० आले." आम्ही म्हटले, मावशी, दहाचे वीस टक्के दोन, बारा झाले, वर एक, तेरा. बरोबर आहे. त्या म्हणाल्या, "का हो? तुम्ही तर सभेत आधी हजाराचं सांगितलं होतं, मग टक्क्यांचं. दहा नि एक अकरा. अकराचे वीस टक्के घ्या की."

आम्ही कागद घेऊन बसलो. मावशींचे खरे होते. आधी सरकवून मग ताणले तर १३,२००. आधी ताणून मग सरकवले तर १३,०००. करारात दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या, पण 'आधी' आणि 'नंतर' हे शब्द कुठेही नव्हते. व्यवस्थापनाने आपल्या सोयीचा क्रम धरला, आणि कागदाच्या आधारे त्यांना खोटे पाडता येईना. गंमत अशी की हा फरक प्रत्येकाला सारखाच पडतो. पगार दहा हजार असो की तीस हजार, फरक २०० रुपये. कारण जो हजार ताणला जायचा राहिला त्याचे वीस टक्के म्हणजे २००. करार तीन वर्षांचा, म्हणजे ३६ महिने, आणि कामगार दीडशे. गुणाकार करून पाहा: १०,८०,००० रुपये. दोन शब्द न लिहिल्याची ती किंमत. मावशींनी आम्हांला एका शब्दाने दुखावले नाही, पण त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. अकरावीचे पुस्तक आम्ही प्रथम मागून आणले ते त्यानंतर. त्यात एक वाक्य आढळले, त्याचा भावार्थ असा की रूपांतरांचा क्रम बदलला तर उत्तर बदलू शकते. हे वाक्य वाचायला आम्हांला दहा लाख ऐंशी हजार रुपये पडले, आणि तेही दुसऱ्यांचे.

ताणण्याचा आणखी एक प्रकार आहे, त्याने सगळ्या देशाचे पगार हलतात. केंद्र सरकारचे लेबर ब्युरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक जाहीर करते. पुष्कळांचा महागाई भत्ता त्यावर ठरतो. एखादे वर्ष पाया धरायचे, त्या वर्षाची किंमत १०० मानायची आणि पुढचे आकडे त्या मानाने काढायचे, अशी ही रीत. ऑगस्ट २०२० चा निर्देशांक ३३८ होता. तो २००१ च्या पायावर. पुढच्याच महिन्यापासून पाया बदलून २०१६ केला, आणि सप्टेंबर २०२० चा आकडा आला ११८.१. त्या वेळी गेटवर एका तरुण कामगाराने विचारले, "भाऊ, एका महिन्यात महागाई तीनशे अडतीसवरून एकशे अठरावर आली, मग तेल का महाग?" पोरे हसली. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. महागाई जागेवरच होती. उभ्या रेघेवरचे माप बदलले होते. नवा आकडा जुन्या मापात आणायचा तर २.८८ ने गुणावे लागते. ११८.१ ला गुणा, ३४० येतात. आता ज्या करारात 'एका अंकाला एक रुपया' असा भत्ता लिहिला असेल तिथे नव्या अंकाला २ रुपये ८८ पैसे झालेच पाहिजेत. आलेख जेवढा दाबला तेवढाच दर ताणला, तरच कामगार होता तिथे राहतो. त्याआधीचेही असेच सांधे आहेत: १९८२ च्या पायावरून २००१ च्या पायावर येताना ४.६३, आणि १९६० वरून १९८२ वर येताना ४.९३. तिन्ही एकमेकांना गुणले तर सुमारे ६५.७४ होतात. म्हणजे आजच्या मालिकेतला एक अंक १९६० च्या मालिकेतल्या जवळजवळ ६६ अंकांएवढा. एक अंक हुकला तर काय हुकते, ते यावरून ध्यानात यावे.

हा सांधा चुकला म्हणून महाराष्ट्रात मोठे आंदोलन होऊन गेले आहे. मुंबईचा निर्देशांक खरी महागाई दाखवीत नाही, आणि जुन्या मालिकेला नवी मालिका जोडताना कामगाराचे नुकसान होत आहे, अशी तक्रार घेऊन २० ऑगस्ट १९६३ रोजी मुंबई बंद झाली. सरकारने अर्थशास्त्राचे प्राध्यापक लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीला तक्रारीत तथ्य आढळले. १९६० च्या पायावरचा मुंबईचा आकडा १९३३-३४ च्या मालिकेत नेण्यासाठी ४.४४ ने गुणावे, हा हिशेब त्यानंतर रूढ झाला आणि पुढे कित्येक वर्षे करारांत तो आकडा लिहिला गेला. श्रोतेहो, विचार करा. लाखो लोक रस्त्यावर आले ते कशासाठी? घोषणा काहीही असोत, गणिताच्या भाषेत सांगायचे तर एका आलेखाच्या उभ्या ताणाचा गुणक दुरुस्त करून घेण्यासाठी. त्यांतल्या किती जणांनी शाळेत आलेख काढला असेल? पण भाकरीचे माप आखूड झाले की ते कळायला शाळा लागत नाही.

माप बदलले की चित्र कसे फसवते याचे जुने उदाहरणही मजुरीचेच आहे. जेम्स वॅट, म्हणजे वाफेच्या इंजिनाचा वॅट, याच्याकडे विल्यम प्लेफेअर नावाचा नकाशे काढणारा माणूस नोकरीला होता. व्यापाराचे आकडे आलेखाने दाखविणारे पुस्तक त्याने १७८६ साली काढले. आज वर्तमानपत्रात जे आलेख दिसतात त्यांचा तो मूळ पुरुष. १८२१ साली त्याने अडीचशे वर्षांतली गव्हाची किंमत आणि चांगल्या कारागिराची आठवड्याची मजुरी एकाच चित्रात दाखविली. गव्हाचे खांब आभाळाला भिडलेले आणि मजुरीची रेघ तळाशी सरपटणारी. पाहणाऱ्याला वाटते, कारागीर उपाशी मेला असेल. आणि प्लेफेअर स्वतः तर म्हणत होता की मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधी एवढा स्वस्त नव्हता! घोटाळा एवढाच की गहू मोजला होता मोठ्या मापाने, 'क्वार्टर' म्हणजे आठ बुशेल, आणि मजुरी फक्त एका आठवड्याची. दोन्ही रेघांची उंची मापावर होती. किती आठवड्यांच्या मजुरीत तेवढा गहू येतो, हा खरा प्रश्न. तो भागाकार केल्याशिवाय चित्रातून कळत नाही. म्हणून कोणी आलेख दाखविला की आम्ही आधी रेघ पाहत नाही. उभ्या रेघेवर काय लिहिले आहे आणि ती शून्यापासून सुरू होते की नाही, ते पाहतो.

उलटविण्याविषयी थोडक्यात सांगतो. फ(क्ष) च्या मागे उणे चिन्ह लावले की आलेख आडव्या रेघेखाली जातो, पाण्यात झाडाचे प्रतिबिंब पडावे तसा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतली की मुकादमाच्या वहीत ती येणे म्हणून वर असते आणि टोळीच्या हिशेबात देणे म्हणून खाली. आकडा तोच, रेघ तीच, फक्त उलटी. हंगामभर कोयता चालवायचा तो ही खालची रेघ शून्यापर्यंत वर आणण्यासाठी. ती शून्याला पोचण्याआधी पट्टा पडला, कारखाना बंद झाला, तर पुढच्या वर्षीचा आलेख शून्याच्याही खालून सुरू होतो.

इथपर्यंत जे सांगितले ते सगळे फलनाच्या 'बाहेर' घडणारे. पगार बाहेर आला, मग त्यात मिळवले, त्याला गुणले, त्याला उलटवले. हे मनाला पटते. अधिक म्हटले की वर, उणे म्हटले की खाली. आता 'आत' जाऊ. आज सांगण्यासारखे जर काही असेल तर ते इथे आहे.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी आमच्या एका सोबत्याची मुलगी कचेरीत आली. अकरावीत शिकत होती. म्हणाली, "काका, पुस्तकात लिहिलंय, फ(क्ष − २) चा आलेख उजवीकडे दोन सरकतो. उणे आहे तर डावीकडे जायला पाहिजे ना? सर म्हणतात, लक्षात ठेवा. पण का ते सांगत नाहीत." आम्ही तिला म्हटले, पोरी, आम्हांलाही ठाऊक नाही, पाहू. ती गेली. समोर साखर कामगारांच्या वेतनवाढीची कात्रणे पडली होती. राज्यातल्या साखर कामगारांचा एक करार ३१ मार्च २०१९ रोजी संपला, आणि १२ टक्के वाढीचा निर्णय झाला सप्टेंबर २०२१ मध्ये. पुढेही तसेच घडले. त्यानंतरचा करार ३१ मार्च २०२४ रोजी संपला आणि १० टक्क्यांचा निर्णय जुलै २०२५ मध्ये झाला. पण तेव्हा आमच्यापुढे पहिलेच कात्रण होते, आणि त्याकडे पाहता पाहता आम्हांला त्या मुलीचे उत्तर सापडले.

करार दोन वर्षे उशिरा झाला याचा अर्थ काय? आज जो पगार हातात पडतो तो दोन वर्षांपूर्वी पडायला हवा होता. म्हणजे आजची तारीख क्ष असेल तर आजचा खरा पगार फ(क्ष) नाही. त्यातून दोन वर्षे वजा करून जी तारीख येते तिचा पगार, फ(क्ष − २), आज मिळतो. वजाबाकी पगारातून झालेली नाही, तारखेतून झाली आहे. आणि जे आधी यायचे ते नंतर आले, म्हणून सगळा आलेख पुढच्या तारखांकडे, उजवीकडे, सरकला. उणे म्हणजे 'मागचे घे'. आणि मागचे आज घ्यावे लागते, याचेच नाव उशीर. पुढच्या रविवारी त्या मुलीला हे सांगितले. ती पटकन म्हणाली, "म्हणजे फ(क्ष + २) म्हणजे ॲडव्हान्स!" अगदी बरोबर. दोन वर्षांनंतरचे आजच मिळाले, आलेख डावीकडे आला.

पण गोष्ट तिथे संपली नाही. मुलगी गेल्यावर आम्ही उजवीकडे सरकलेली ती रेघ पाहत बसलो. एक सरळ उदाहरण घेऊ. पगार आज १०,०००, आणि दर वर्षाला ५०० रुपयांनी, महिन्या-महिन्याने सारखा, वाढायचा असे ठरले. पण करार दोन वर्षे रखडला. तोवर पगार १०,०००वर उभा राहिला आणि नंतर ठरल्या वेगाने वाढू लागला. दोन वर्षे झाली त्या दिवशी पगार ११,००० पाहिजे होता, आहे १०,०००. सातव्या वर्षी १३,५०० पाहिजे होता, आहे १२,५००. विसाव्या वर्षी २०,००० पाहिजे होता, आहे १९,०००. फरक १,०००, तो काही मिटत नाही. कागदावर दोन्ही रेघा काढा आणि वर्षांचे आकडे पुसून टाका. ही रेघ उजवीकडे दोन सरकली आहे की खाली एक हजार सरकली आहे, हे कोणालाही सांगता येणार नाही. सरळ रेघेला दोन्ही एकच. म्हणजे श्रोतेहो, उशीर म्हणजेच कपात. ही घोषणा नाही, भूमिती आहे.

आमची जी समजूत मोडली ती ही. इतकी वर्षे आम्ही समजत होतो की करार उशिरा झाला तरी 'फरक' मिळाला की हिशेब मिटला. वरच्या उदाहरणात पहिल्या दोन वर्षांत मिळून १२,००० रुपये बुडाले. दोन रेघांमधल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढले की तेवढेच येते. ते फरक म्हणून मिळाले असे धरू. पण तिसऱ्या वर्षापासून दरमहा १,००० कमी आहेतच, म्हणजे दर वर्षाला आणखी १२,०००. फरक त्रिकोणाचा मिळाला. त्यापुढचा लांब पट्टा तसाच राहिला. म्हणून कराराच्या टेबलावर दोन गोष्टी वेगवेगळ्या मागाव्या लागतात. एक, मागचा फरक. दोन, रेघ तिच्या मूळ जागी परत आणणे, म्हणजे वाढ कोणत्या तारखेपासून 'मोजायची' हे लिहून घेणे. पहिलीचे पैसे दिसतात म्हणून तिच्यासाठी टाळ्या पडतात. दुसरी दिसत नाही.

वाढ टक्क्यांनी होत असेल तर प्रकार आणखी वाईट. दर वर्षी १० टक्के वाढ असेल तर १०० चे दोन वर्षांनी १२१ होतात. दोन वर्षांचा उशीर म्हणजे ज्या दिवशी १२१ हवे त्या दिवशी १०० हातात. पगार पुढे कितीही वाढला तरी १२१ ला १०० हे प्रमाण बदलत नाही, आणि रुपयांतली तूट मात्र वाढतच जाते. सरळ रेघेत उशीर ठराविक रक्कम कापतो. टक्क्यांच्या वक्र रेघेत तो हिस्सा कापतो.

आतली दुसरी गोष्ट म्हणजे गुणिले. फ(२क्ष) चा आलेख दुप्पट रुंद होईल असे वाटते. तो अर्धा होतो. हेही मुलांना पाठ करावे लागते. आपल्या जिल्ह्यात ते पाठ करायची गरज नाही, धुराड्याकडे पाहावे. १९५० च्या अखेरीस लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाने प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हापासून हा जिल्हा साखरेचा झाला. एका कारखान्याकडे ५ लाख टन ऊस आहे असे धरू. रोज २,५०० टन गाळला तर हंगाम २०० दिवसांचा. यंत्रे वाढवून रोज ५,००० टन गाळू लागला तर १०० दिवसांत तोच ऊस संपतो. जुन्या कारखान्याने दोनशेव्या दिवशी जेवढे गाळले तेवढे नव्याने शंभराव्या दिवशी. म्हणून फ(२क्ष), आणि म्हणून आलेख आडवा दाबून अर्धा झाला. उंची तीच, साखर तेवढीच, सभासदाचा ऊस वेळेवर तुटला; या गोष्टी चांगल्याच आहेत. पण हंगामी कामगार पूर्ण पगार घेतो तो आडव्या रेघेवर, दिवसांवर. त्याचे दोनशे दिवस शंभर झाले, आणि उरलेल्या काळात रिटेन्शनच्या थोड्या पैशांवर राहायचे. गाळपाची क्षमता वाढविल्याच्या समारंभात उंचीवर भाषणे होतात. रुंदीवर आम्ही अजून भाषण ऐकलेले नाही.

तेव्हा आजच्या बोलण्याचा गोषवारा असा. बाहेरचा बदल दिसतो आणि दिसतो तसाच असतो. आतला बदल काळात होतो, उलटा दिसतो आणि सहसा पाहिला जात नाही. आम्ही कामगारांनी वर्षानुवर्षे बाहेरच्या आकड्यावर पहारा ठेवला, किती मिळाले याचा. कधी मिळाले, किती दिवस मिळाले, हा दरवाजा उघडाच राहिला. आणि हे फक्त कामगारांचेच नाही. उसाचे बिल उशिरा मिळणारा शेतकरी, पेन्शनची फाइल अडकलेला शिक्षक, नुकसानभरपाईची वाट पाहणारा धरणग्रस्त, या सगळ्यांच्या आलेखाला कोणीतरी आत हात घालून उजवीकडे सरकवले आहे. त्यांना सांगितले जाते, 'पूर्ण रक्कम दिली ना?' रक्कम पूर्ण असते. क्ष पूर्ण नसतो.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. मुलांना 'लक्षात ठेवा' म्हणू नका. तुमच्या वर्गात ज्यांच्या बापाची पगारपत्रके आहेत, ज्यांच्या आईची विड्यांची मजुरी आहे, ज्यांच्या घरात उचलीची वही आहे, अशी मुले बसली आहेत. त्यांना म्हणा, घरातला कागद आणा आणि त्याचा आलेख काढा. आणि कामगार बंधूंना विनंती अशी की कोणताही कागद सहीला आला तर त्याला तीन प्रश्न विचारा: किती, आधी काय नि नंतर काय, आणि कोणत्या तारखेपासून मोजून. उत्तर कागदावर लिहिलेले नसेल तर पेन खिशातच ठेवा.

त्या पॅकिंग खात्यातल्या मावशी आता निवृत्त झाल्या आहेत. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. पुढच्या प्रत्येक कराराचा मसुदा आम्ही सहीआधी त्यांच्याकडून तपासून घेत असू. त्या चष्मा लावून ओळ न् ओळ वाचत, आणि नेमके जिथे 'आणि' लिहिलेले असे तिथे बोट ठेवून विचारीत, "भाऊ, यातलं आधी कोणतं?"